तो रस्सा मी सांडला

माझ्या नातीनं आजवर कुणाच्याही अंगावर मिसळीचा रस्सा सांडलेला नाही. आमच्या नातेवाइकांत गेली साडेतीन वर्षं याच्या उलट सांगितलं जातं, आणि ते सांगणारा पहिला माणूस मी. आता लिहून टाकायला हवं, कारण ती पाच वर्षांची झाली आहे आणि तिला स्वतःलाही ते खरं वाटू लागलं होतं.

तेव्हा ती दीड वर्षाची होती. सून शाळेत शिक्षिका; सोमवार ते शनिवार तिचा गॅस सकाळी साडेपाचला पेटतो. रविवारी घरात नाश्ता करायचा नाही हा तिचा एकुलता एक नियम, आणि तो आम्ही सगळे आनंदानं पाळायचो. इंदिरानगरहून गाडी काढायची आणि त्र्यंबकच्या रस्त्याला मळ्यातल्या एका मिसळीच्या हॉटेलात जायचं. झाडाखाली टेबलं, कोपऱ्यात झोपाळे, जाळीत ससे. नंबर लावून पाऊण तास सशांना गवत घालायचं आणि नंबर पुकारला की पळत जाऊन टेबल धरायचं.

एवढ्या लहान मुलाला घेऊन हॉटेलात गेलं की खाणं बाजूलाच राहतं. एकानं खायचं, एकानं मूल धरायचं, एकानं टेबलाखाली चमचा शोधायचा आणि उरलेल्यानं शेजारच्या टेबलाकडे बघून ओशाळं हसायचं. नातीला पाव खायचा नसे, तो आईच्या पर्समध्ये ठेवायचा असे. पापड डोक्यावर हवा असे. दही ती टेबलाला लावायची, अगदी सावकाश, भिंतीला चुना लावावा तसं. तिची उंच खुर्ची माझ्या शेजारी ठेवायची, हे मी आपणहून अंगावर घेतलं होतं. घरच्यांना वाटे, काय माया आहे.

माया होतीच. पण आदल्या वर्षी मला स्टेंट बसवला होता आणि तर्री, जिलबी दोन्ही बंद झाली होती. बायको माझ्यापुढे कोरडी मटकी आणि दही ठेवायची आणि स्वतःचं खाताना एक डोळा माझ्या ताटलीवर ठेवायची. नातीच्या ताटलीवर कुणाचाच डोळा नव्हता.

"हिला जिलबी फारच आवडते बाई," बायको एकदा म्हणाली. "दात आठ, आणि चार जिलब्या गेल्या."

"चोखून खाते," मी म्हणालो.

त्या रविवारी आमच्या मागच्या टेबलावर मुलगी बघण्याचा कार्यक्रम चालला होता. नवरा मुलगा पाठीला पाठ लावून माझ्या मागेच बसला होता, मोतिया रंगाचा कडक इस्त्रीचा झब्बा घालून. सून हात धुवायला गेली, माझा मुलगा पाव आणायला उठला, बायको शेजारच्या बाईंना गुडघ्याचं तेल सांगत होती. मी तर्रीची वाटी उचलली, नातीच्या खुर्चीचा पट्टा नीट करतोय असं दाखवत खुर्चीच्या पाठीमागे वाकलो आणि वाटी तोंडाला लावली.

"काका, अजून तर्री देऊ?" वाढप्यानं माझ्या कानाशी विचारलं.

मी दचकलो. हात मागे गेला आणि वाटी झब्ब्यावर गेली. मानेपासून कमरेपर्यंत लाल ओघळ उतरला आणि त्यावर मटकीचे चार दाणे अडकून राहिले.

मी सातपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं तपासणी खात्यात होतो. माल बिघडला की चूक मशीनची, माणसाची की कच्च्या मालाची, हे शोधून कागदावर लिहायचं माझं काम. घाईनं कुणाचं नाव लिहू नये, हे मी तिथे नव्या लोकांना शिकवायचो. त्या दिवशी मला अर्धा सेकंद पुरला.

"माफ करा हो," मी म्हणालो. "लहान आहे. हात मारला तिनं."

नातीनं बोट उचललं आणि सरळ माझ्याकडे रोखलं. खुर्चीतून पुढे वाकून, न हलता.

"घाबरली बिचारी," गुडघ्याच्या तेलवाल्या बाई म्हणाल्या. "आजोबांकडे जायचंय तिला." आणि त्यांनी तिला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. नाकाशी नाक येईल इतक्या जवळून ती मला बघत राहिली.

तेवढ्यात सून आली. नवऱ्या मुलाची आई तिला म्हणाली, "असू द्या, लेकरूच आहे. पण आईनं जरा लक्ष ठेवावं." सुनेनं चार वेळा माफी मागितली, स्वतःच्या ओढणीनं त्या अनोळखी माणसाची पाठ पुसली आणि गाडीत बसल्यावर रडली. घरी येईपर्यंत ठरलं, मुलीला वळण लागेपर्यंत हॉटेल बंद.

मग वळण लावणं सुरू झालं. माझ्या मुलाच्या डोक्यातून निघालं की दर रविवारी हॉलमध्येच हॉटेल मांडायचं. प्लास्टिकचं टेबल, उंच खुर्ची, मागे पाठ करून बायको, म्हणजे गिऱ्हाईक. मुलगा खांद्यावर फडका टाकून वाढपी. सून पहाटे उठून मिसळ करणार, कारण सराव खऱ्या रश्श्यावर व्हायला हवा. आणि मला तपासणीचा अनुभव, म्हणून मी परीक्षक. वही घालून दिली मला. तारीख, वेळ, सांडले की नाही.

वीस-बावीस रविवार मी त्या वहीत 'नाही' लिहिलं. नात वीस मिनिटं शहाण्यासारखी बसायची, टेबलाला दही लावायची आणि आजीच्या पाठीकडे ढुंकूनही बघायची नाही.

"घरी बरोबर वागते," सून म्हणायची. "बाहेर काय होतं हिला?"

"वय आहे," मी म्हणायचो आणि सही करायचो.

एका रविवारी संध्याकाळी सून कागद घेऊन माझ्या खोलीत आली. "बाबा, अर्ज बघून द्याल का? तुमची भाषा चांगली आहे." शाळेला लिहिलेला राजीनामा होता. कारण, मुलीच्या संगोपनाकडे पुरेसे लक्ष देता येत नाही.

मी 'पुरेसे' खाली रेघ मारली. मग पेन ठेवलं आणि म्हणालो, "तो रस्सा मी सांडला होता."

तिचे डोळे भरले. "बाबा, तिच्यासाठी तुम्ही एवढं अंगावर घेताय." बाहेर जाऊन तिनं सासूला सांगितलं. सासूनं फोनवर माझ्या मेहुणीला सांगितलं, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत मी देवमाणूस झालो होतो.

मुलगा म्हणाला, "बाबा, पुरे आता. सगळ्यांना माहितीये कुणी सांडलं."

मग मी कारखान्यात करायचो तेच केलं. टेप काढली. नातीचा हात खांद्यापासून बोटापर्यंत मोजला आणि तेव्हा तो याहूनही आखूड होता हे सांगितलं. वाटी टेबलाच्या पलीकडच्या कडेला होती, ते अंतर मोजून दाखवलं. "ती हात मारूच शकत नव्हती," मी म्हणालो.

"मग वाटी मागे गेली कशी?" मुलगा म्हणाला.

"तू पाठ करून बस."

खुर्ची मांडली. फ्रिजमधला सकाळचा रस्सा वाटीत घेतला. सगळ्यांसमोर पट्टा नीट करायचं सोंग केलं, वाकलो, वाटी तोंडाला लावली आणि बायकोला म्हणालो, "आता विचार, तर्री देऊ का."

"देऊ का तर्री," ती यांत्रिकपणे म्हणाली.

वाटी गेली. मुलाच्या पांढऱ्या बनियनवर मानेपासून कमरेपर्यंत तोच ओघळ उतरला. दाणेसुद्धा चारच कसे चिकटले, हे मला आजही कळलेलं नाही.

नात टाळ्या वाजवत होती.

"आणि जिलब्या?" बायकोनं विचारलं.

"त्याही."

सुनेनं अर्ज घेतला, दोनदा घडी घातली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. "पुढच्या रविवारी आम्ही आठला निघू," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "तुम्ही पोहे करून घ्या." पुढचे तीन महिने रविवारी मी पोहे केले. एकदाही नीट भिजले नाहीत.

खरं मात्र घरातच राहिलं. बायकोचं म्हणणं, चारचौघांत तुमची काय शोभा. मलाही ते सोयीचं होतं, म्हणून मी गप्प बसलो. गेल्या महिन्यात सातपूरला एका बारशाची पंगत होती. माझी मेहुणी वाढणाऱ्या बाईंना म्हणाली, "हिच्यापुढं वाटी नको गं, ही ती मिसळवाली." सगळे हसले. नातीनं दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि आई भरवेल म्हणून तोंड उघडून बसली. तिच्या वयाची मुलं आपापल्या हातानं श्रीखंड चाटत होती.

मी तिला बाहेर ओसरीवर नेलं. "तू नाही सांडलंस कधी," मी म्हणालो. "मी सांडलं होतं. तुझं नाव सांगितलं."

तिनं विचार केला. "मग तुला ओरडले का सगळे?"

"घरातले ओरडले. हे आतले सगळे नाही."

"का?"

"त्यांना माहीत नाही."

"मग सांग ना त्यांना."

"लिहून सांगतो. फॅमिली ग्रुपवर टाकतो."

"मला वाचता येत नाही अजून," ती म्हणाली आणि माझं बोट धरून मला आत पंगतीकडे ओढू लागली. "आत्ता सांग. मोठ्यानं."

मी गेलो. पंगतीला जे नव्हते, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.