येरझारे मास्तर आणि अलंकारांचा धडा

इंग्रजीचे येरझारे मास्तर खुर्चीवर बसलेले मी कधी पाहिले नाहीत. आडनाव वेगळंच होतं. हे नाव आम्ही मुलांनी ठेवलेलं. फळ्यापासून खिडकीपर्यंत जायचं, समुद्राकडे एक नजर टाकायची, की परत फळ्याकडे. चालता चालताच ते आमच्याकडून वाक्यं करून घेत. "कोण? काय केल्यान? तेवढां सांग. बाकीचो पसारो नको."

त्या काळी इंग्रजी आठवीपासून असायचं, आमचं नुकतंच सुरू झालं होतं. पुस्तकाच्या शेवटी अलंकारांचा धडा होता. त्याबद्दल विचारलं की ते हात झटकत, "ता मगे बघू. आधी साधां वाक्य तरी चलांदे."

माझे बाबा बोटीवर खलाशी होते. एका शनिवारी कंपनीचं इंग्रजी पत्र आलं. तारकर्लीच्या आमच्या वाडीत इंग्रजीची अक्षरं लावणारी मी एकटीच. कर्ता शोधला, बाबांचं नाव सापडलं. क्रियापद शोधलं, 'पास्ड अवे'. पास म्हणजे पुढे जाणं, अवे म्हणजे लांब. शेवटी एडन बंदराचं नाव. "आये, बाबा एडन सोडून फुडे गेले!" आईने खटखटे लाडू करून वाडीभर वाटले.

सोमवारी मी ते पत्र मिरवत वर्गात नेलं. मास्तरांनी वाचलं आणि जागच्या जागी थांबले. "घरात काय अर्थ सांगितलंस?" मी सांगितला. भर तासात वर्ग सोडून ते मला घेऊन निघाले, इतके झपाझप की मला धावावं लागलं. वाटेत एवढंच म्हणाले, "चूक तुझी नाय गो. माझी."

आई अंगणात मासळी वाळत घालत होती. मास्तर तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "वयनी, हिचे बाबा बोटीर वारले."

तेराव्यानंतर मी शाळेत गेले, तेव्हा अलंकारांचा धडा सुरू झाला होता. मृत्यूसाठी इंग्रजीत 'पास्ड अवे'सारखे जितके मऊ शब्द आहेत, तितके मास्तरांनी फळ्यावर लिहून काढले होते. माझ्याकडे मात्र ते बघत नसत. वर्ष संपताच त्यांनी आंबोलीकडे बदली मागून घेतली.

आई त्यांना एसटीच्या थांब्यावर गाठायला गेली, मला घेऊन. म्हणाली, "मास्तरांनू, जीवाक लावून घेव नका. ह्या पोरीच्या चुकीन ते माका आणखी दोन दिस जिते गावले."

मास्तरांनी तिला वाकून नमस्कार केला आणि मग गाडीत चढले.