साहेबाची खाट

"कान पकड. वाक. आता कोंबड्यासारखा आरव."

तहसील कचेरीच्या व्हरांड्यात मी आरवलो. चांगला आरवलो, हेच वाईट. दंडारीत, गावच्या नाचगाण्याच्या खेळात, नकला करणारा माणूस. वाकवला तरी कला कुठी जाते! शिपाई हसले. ताटकळलेले लोक हसले. त्यांच्यात माझा बाप होता. तो हसला नाही.

दंडारीतल्या नकला कोणी लिहीत नाही. गाणी पाठ, बाकी सगळं जिभेवर. मंडईच्या जत्रेत, गर्दीत उभं राहायचं आणि सुचेल ते बोलायचं. पण त्या वर्षी तहसीलदार साहेबानं हुकूम काढला : आधी खेळ लिहून दाखवा, मग परवानगी. गावात सातवी पास मी एकटा. शहाणपण उतू गेलं. गाणी पुरली असती. मी वळणदार अक्षरात नकलासुद्धा लिहिल्या.

नक्कल अशी. साहेब जंगलात दौऱ्यावर. त्याची खाट बेगारीतल्या चौघांच्या खांद्यावर. वाटेत एक म्हातारी गळा काढते, "कवा मेला जी?" चौघे म्हणतात, "मेला नाई माय, मांगून घोड्यावर येऊन राह्यला." म्हातारी आणखी मोठ्यानं रडते.

साहेबाला वाचून दाखवताना मी म्हातारीचा आवाजही काढला. वाटलं, बक्षीस देईल.

त्यानं तांबड्या पेन्सिलीनं नक्कल खोडली. मला वाकवलं. मग बापाला पुढे बोलावलं. ती खाट बापानंही वाहिली होती.

"तुझाच ना हा, बुढ्या? हाण."

"लेकरू हाय जी."

"हाण. नाहीतर दोघंही आत."

बापानं हळूच मारलं.

"जोरात."

मग जोरात.

साहेब मला म्हणाला, "स्वराज्य आलंय. खोडलंय तिथं सरकारचं गुणगान लिहून आण."

मी कान सोडले. सरळ उभा राहिलो.

"नाई लिवत."

परवानगी मिळाली नाही. दिवाळीनंतरच्या मंडईत आम्ही दंडार उभी केलीच. म्हातारी मी झालो. खाटेचा एक खूर धरायला बाप न बोलावता आला. लोक हसले. पोलिसांनी मला लुगड्यासकट चांद्याला नेलं. वाटेत दोघा वाटसरूंनी मावशी म्हणून हाक मारली.

कोठडीत जमादारानं कागद दिला. "माफी लिव, भाऊ. घरी जा."

मी तीच नक्कल लिहिली. खाली माझं नाव, बापाचं नाव, गाव.

त्यानं ती माझ्यासमोर फाडली. मी दुसरा कागद मागितला. आजही जो फाडतो, त्याच्याकडेच दुसरा मागतो.