लोकेंद्र सरांची करंगळी

आमगावच्या लोकेंद्र बिसेनच्या डाव्या हाताची करंगळी गेल्या बत्तीस वर्षांत वाकलेली नाही. ती बाजूला ताठ उभी असते, चहाचा कप धरतानाही आणि गिटार वाजवतानाही. पाहणाऱ्याला वाटतं, माणूस तोऱ्यात आहे. तोऱ्यात तर तो आहेच, पण त्यात करंगळीचा दोष नाही.

ती मोडली गोंदियात, केशोराव मास्तरांच्या खोलीत. लोकेंद्र तेव्हा तेरा वर्षांचा होता. केशोराव लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे आणि फावल्या वेळात पोरांना शिकवायचे. शिकवायचे म्हणजे मारायचे. शिसवीचा एक गोल रूळ कायम त्यांच्या मांडीवर असायचा. अंगठा गिटारच्या नेकवरून, म्हणजे दांडीवरून, डोकावला की एक फटका. मनगट आत कोसळलं की दोन. एके दिवशी लोकेंद्रच्या करंगळीनं तार नीट दाबली नाही, तेव्हा मास्तर म्हणाले, "हात नेकवरच ठेव. काढशील तर पाठ फोडीन." पोरानं हात ठेवला. रूळ बसला आणि वाळकी काडी मोडावी तसा आवाज झाला.

घरी बापानं हात उलटासुलटा करून पाहिला, हळद लावली आणि चिंधी बांधली. "एक बोट गेलं तं गेलं. हात तं शाबूत आहे नं?" एवढं बोलून तो बैल सोडायला निघून गेला. तिसऱ्या दिवशी लोकेंद्र चिंधी बांधलेल्या हातानं पुन्हा केशोरावांसमोर बसला होता.

सगळ्यात वाईट गोष्ट अशी की त्याला मास्तरांचा राग कधी आलाच नाही. राग जाईल कुठे? तो दुसऱ्यांवर निघाला. तीन बोटांनी तो असा वाजवायला शिकला की चार बोटांच्या माणसानं तोंडात बोट घालावं, पण डोकं कायम तापलेलं. एकदा मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, कार्यक्रमात एक दारुडा फर्माईश करत स्टेजवर चढला, तर यानं माइकचा स्टँड उचलून त्याच्या खांद्यात घातला. माणूस दोन महिने गळ्यात हात बांधून फिरत होता. लोकेंद्रला त्याचं काही वाटलं नाही. कलाकाराचा मान म्हणून त्यानं ती गोष्ट पुढं चार जणांना रंगवून सांगितली.

केशोराव गेले तेव्हा त्यांच्या बायकोनं लोकेंद्रला बोलावून तो रूळ दिला. त्यानं तो कपाळाला लावून घेतला. दर दसऱ्याला आपण अवजारांची, वाद्यांची पूजा करतो, तशी तो पाटावर गिटार मांडायचा आणि तिच्या शेजारी रूळ. दोघांना हळदकुंकू, दोघांना झेंडू. ज्यानं आपलं बोट मोडलं त्यालाच हा माणूस नमस्कार करत होता, आणि क्लासच्या पोरांनाही करायला लावत होता.

क्लास घराच्या पुढच्या खोलीत चालायचा. तिथं एकच नियम: "पुस्तकाकडं नाही, माझ्या हाताकडं पाहा." पोरं पाहायची. अंगठा मागे, मनगट बाहेर, बोटांची टोकं तारेवर उभी. सगळं जमायचं, फक्त करंगळी जमायची नाही. ज्याची पाहावी त्याची करंगळी बाजूला ताठ. लोकेंद्रनं त्यावर एक शोधही लावला होता. "आपल्या भागातल्या पोरायच्या करंगळीत जीवच नसते. धानाच्या रोवणीच्या चिखलात पिढ्या गेल्या, बोटं आखडली." असं तो बारा वर्षं ठासून सांगत आला. आणि सांगून झालं की रूळ उचलायचा.

स्वतःचा मुलगा हिमांशु यातून सुटला नाही. सोळाव्या वर्षी त्यानं एकदा रूळ वरच्यावर धरला. बापानं दुसऱ्या हातानं थोबाडीत मारली. पोरानं गिटार अंगणातल्या विहिरीच्या काठावर आपटून तिचे तुकडे केले आणि नागपूरला मामाकडे निघून गेला. तो आता फक्त आईला फोन करतो. बाप जवळ आहे असं कळलं की ठेवून देतो.

त्या दिवशी बायको रविता हिनं रूळ उचलून धानाच्या कोठीत खोल पुरला. "हिमांशुचे बाबा, दसऱ्याले काढा, पूजा करा. पण यापुढं एका लेकराच्या हातावर जरी हा पडला, तं मी क्लासले कुलूप लावन. मंग आपल्या आंगणात बसून वाजवत राहा." रविता बोलली की बोलली. क्लासशिवाय लोकेंद्रकडं दुसरं काही नव्हतं. शेती भावाकडे गेली, ऑर्केस्ट्रा बंद पडला आणि मुलगाही गेला. दोन वर्षं त्यानं दातओठ खात हात आवरला.

मग डिंपल आली. नऊ वर्षांची, हडकुळी, कमी बोलणारी. तिचा बाप कैलाश रहांगडाले धान कापायचं मशीन भाड्यानं चालवतो. पहिल्याच दिवशी पोरीसमोर तो म्हणाला, "हात उचला लागला तं उचला, सर. मी घरी उचलतोच."

पोरगी मात्र गुणी निघाली. लोकेंद्रच्या हातावरची तिची नजर हलायची नाही. महिनाभरात तिचा अंगठा नेकच्या मागे बरोबर मधोमध बसला, मनगट सुटलं. लोकेंद्रला कित्येक वर्षांनी कोणाला शिकवताना आनंद झाला. पण तीच ती करंगळी! त्यानं स्वतःच्या हातानं तिची करंगळी तारेवर आणून ठेवली. हात सोडला की ती पुन्हा बाजूला ताठ. त्यानं पेनानं नेकवर ठिपका काढून दिला. तिनं ठिपक्याकडं पाहिलं, सरांच्या हाताकडं पाहिलं आणि करंगळी पुन्हा ताठ केली. त्याचं डोकं फिरत चाललं होतं.

दसऱ्याच्या सकाळी पोरं आली, पाटाला नमस्कार करून, प्रसाद घेऊन गेली. डिंपल थांबली. तिला आठवडाभर घोटलेली कॉर्ड वाजवून दाखवायची होती. "दाखव," लोकेंद्र म्हणाला. तिनं हात ठेवला. तीन बोटं अशी बसली की पाहत राहावं. चौथं ताठ.

"वाकव."

ती त्याच्या हाताकडं पाहत राहिली.

"वाकव म्हणून राहिलो नं!"

बोट हललं नाही. दोन वर्षं दाबलेलं सगळं एकदम वर आलं. पाटावरचा रूळ हातात कधी आला ते त्याला कळलंच नाही. झेंडूचं फूल उडून भिंतीवर आदळलं. पहिला फटका बोटांच्या पेरांवर बसला, दुसरा मनगटावर. तिसरा त्यानं नेम धरून करंगळीवर मारला. पोरीचं तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. हात मात्र तिनं नेकवरून काढला नाही.

न काढलेला तो हात पाहिला आणि लोकेंद्र थबकला.

"काऊन वाकवत नाही व तू बोट?" त्याचा आवाज चिरकला.

"तुमचं बी असंच राहते नं, सर," ती म्हणाली. आता तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. "तुमी म्हणता, माझ्या हाताकडं पाहा. मी तुमच्यासारखंच करून राहिली."

लोकेंद्रनं आपला डावा हात समोर धरला, जणू दुसऱ्या कोणाचा हात आहे. क्लासमधले टिकेश, उर्वशी, शालीकरामचा पोरगा, आणि हिमांशु, सगळ्यांच्या ताठ करंगळ्या त्याच्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. बारा वर्षं तो पोरांना आपलं मोडलेलं बोट शिकवत होता आणि ते शिकल्याबद्दल त्यांना झोडपत होता. स्वतःची एवढी किळस त्याला उभ्या आयुष्यात आली नव्हती.

रविता दारात आली. हळद लागलेला रूळ आणि पोरीची सुजत चाललेली करंगळी तिनं पाहिली. पोरीला उचलून तिनं स्कूटीवर पुढं बसवलं. लोकेंद्र दवाखान्यापर्यंत स्कूटीमागे पायी धावला.

एक्सरे निघेपर्यंत तो बाकावर बसून आपली करंगळी दुसऱ्या हातानं वाकवू पाहत होता. एकच गोष्ट तो मागत होता: हाड मोडलेलं नको. डॉक्टर फोटो घेऊन बाहेर आले. "हाड वाचलं. सूज जबरदस्त आहे. तीन आठवडे पट्टी."

तेवढ्यात कैलाश आला. त्यानं पोरीचा हात धरून उलटासुलटा करून पाहिला. "एवढ्यासाठी दवाखाना कायले, सर? एक बोट गेलं असतं तरी हात तं आहे." मग पोरीकडं वळला. "तुले सांगितलं होतं नं, सर म्हणते तसं कर?" आणि त्यानं हात उगारला.

लोकेंद्रनं तो हवेतच पकडला. "हिले हात लावायचा नाही."

"मारलं तुमीच, अन् मले शिकवून राहिले?" कैलाशनं दुसऱ्या हातानं त्याच्या तोंडावर ठेवून दिली. मग आणखी एक. ओठ फुटला. माइकचा स्टँड उचलणाऱ्या लोकेंद्रनं हात उचलला नाही. पकडलेला हातही सोडला नाही, कंपाउंडर येऊन दोघांना वेगळं करेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी रवितानं रूळ अंगणातल्या पाणी तापवायच्या चुलीत घातला. त्याच पाण्यानं लोकेंद्रनं आंघोळ केली. तो बाहेर आला तेव्हा पुढच्या खोलीला कुलूप होतं. पोरं आली, कुलूप पाहून परत गेली. त्यानं किल्ली मागितली नाही.

महिना झाला असेल. सकाळी लोकेंद्र घरापुढच्या छपरीत बसला होता, तर फाटकात डिंपल. पाठीवर गिटार, बोटाला पट्टी नाही.

"बाबानं धाडलं का?" त्यानं विचारलं.

"हो. बाबा म्हणते, मार खाल्ला, आता सुधरली." ती छपरीच्या काठावर बसली, डावा हात पुढं केला आणि करंगळी वाकवून दाखवली. अगदी तळव्याला टेकेपर्यंत. "हे पाहा सर, वाकते. पहिले बी वाकत होती."

आत दाराशी रविता उभी होती. तिनं कुलपाकडं पाहिलं, किल्ली पदरातच राहू दिली आणि छपरीत एक सतरंजी आणून टाकली. मग ती तिथंच तांदूळ निवडत बसली, दोघांवर नजर ठेवून.

डिंपलनं गिटार मांडीवर घेतली, अंगठा मागे नेला आणि सवयीनं मान वर करून सरांचा हात शोधायला लागली.

लोकेंद्रनं आपले दोन्ही हात मांडीखाली दाबले.

"माझ्या हाताकडं पाहू नको, बाई," तो म्हणाला. "तुझ्या हाताकडं पाह. मी सांगून राहिलो."