तात्यांच्या पिशवीतला श्वास

शिवराम तात्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते लासुर्ण्याला, आमच्या दारात. युद्ध संपून थोडेच दिवस झाले होते. त्यात माझा थोरला भाऊ गेला. तात्या त्याच्याच पलटणीत बॅगपाइप वाजवत. मोरगावहून एसटीने आले, टोपी काढून आईसमोर बसले आणि म्हणाले, "आई, तुमच्या लेकाला मी उचलला हुता."

लढाई सुरू झाली की बँडवाले पाइप ठेवून स्ट्रेचर उचलतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. दोन्ही हात स्ट्रेचरला. बंदूक धरायला हात उरत नाही. तसे तात्या गोळीबारात पुन्हा पुन्हा पुढे गेले. हे मात्र पलटणीतल्या इतरांनी सांगितलं.

आईने विचारलं, "लई दुखलं का रं त्याला?"

तात्यांना खोटं बोलता आलं असतं. ते म्हणाले, "व्हय आई, दुखलं. पर यकटा न्हवता त्यो. उसाला पाणी दिलं आसंल का, इचारत हुता."

दादा गेल्याची बातमी आल्यापासून त्या दिवशी आई पहिल्यांदा पोटभर जेवली.

तेव्हापासून दादाच्या स्मृतिदिनी तात्या त्याच्या स्मारकापाशी पाइप वाजवतात. पहिल्या वर्षी गावातल्या हलगीवाल्याने उत्साहाने साथ धरली. तात्या थांबले नाहीत. नंतर त्याला म्हणाले, "गड्या, ह्यो वरातीचा सूर न्हवं. पर ताल झ्याक धरलास."

मी इंदापूरला परिचारिका होते. हल्ली सूर ऐकण्याऐवजी मी तात्यांची छाती बघत उभी राहते. फुंकलेली हवा काखेतल्या पिशवीत साठते. वाजवणाऱ्याने तोंड काढलं तरी पिशवी दाबून सूर थोडा वेळ चालू राहतो. त्यामुळे दम संपला तरी ऐकणाऱ्याला कळत नाही.

गेल्या वर्षी तेच झालं. सूर चालू होता आणि तात्यांचे ओठ निळे पडले होते. मी पुढे झाले, तर त्यांनी डोळ्यांनीच मला थांबवलं. कसंबसं संपवून खाली बसले.

"कुणाला कळलं न्हाय ना, ताई?"

"मला कळलं. डॉक्टरांनी फुंकू नका म्हटलंय ना?"

"उचलल्याला मधीच ठिवता येत न्हाय. कुणाला सांगू नगंस."

वर्षभर मी कुणाला सांगितलं नाही. पण तात्यांच्या पंचाहत्तरीच्या सोहळ्याच्या पत्रिकेत 'तात्यांचे बॅगपाइपवादन' असं छापलेलं पाहिलं आणि झोप लागेना. म्हणून हे इथे, त्यांच्या गौरव अंकात, लिहिते आहे. तात्या रागावतील, रागावू देत. मंडळींना हात जोडून विनंती, त्या दिवशी कुणीही आग्रह करू नये. पाइप टेबलावर ठेवावा, आपण सगळ्यांनी उभं राहावं आणि तात्यांनी बसावं.

तात्या, तुमचा श्वास आता तुमच्यापुरता राहू द्या. अजून पुष्कळ वर्षं तुम्ही धडधाकट आमच्या दारात यायला हवं. दादाला तुम्ही घरी आणलंत, आईपर्यंत पोचवलंत. आता स्ट्रेचर खाली ठेवा.