वजनात बसलेली बॅग

आईची बॅग आयुष्यात पहिल्यांदा वजनात बसली आणि मी मूर्खासारखी खूश झाले.

याआधी ती माझ्या भावाकडे अमेरिकेला दोनदा गेली होती आणि दोन्ही वेळा विमानतळावर तमाशा झाला होता. कुळथाचं पीठ, भाजणी, आमसुलं, मेतकूट, एकदा तर चक्क पोळपाट-लाटणं. मी काचेबाहेरून बघत उभी आणि ही काउंटरसमोर जमिनीवर बॅग उघडून बसलेली, मागची रांग खोळंबलेली. जादा डबे दारापर्यंत आणून माझ्या हवाली करायची आणि मी ते घेऊन परत माझ्या घरी नाहूरला. या वेळी मी तिच्याबरोबर होते, आणि काट्यावरचा आकडा मर्यादेच्या निम्म्यावरही गेला नाही. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "बस, एवढंच?" आई म्हणाली, "एवढंच."

मला ते तिथेच खटकायला हवं होतं. पण माझं सगळं डोकं एकाच गोष्टीत अडकलं होतं. आईला कळता कामा नये.

माझा धाकटा भाऊ गेला होता. रात्री झोपला तो सकाळी उठलाच नाही. वहिनीचा फोन आला तेव्हा मी मरोळला ऑफिसात होते. जिन्यात जाऊन बसले. वहिनी रडत नव्हती, नुसतं एकामागून एक सांगत होती. इथे लगेच नेत नाहीत, चार-सहा दिवस थांबता येतं. आईंना घेऊन या ताई, त्यांना शेवटचं बघू दे. पण तिकडे सांगू नका, इथे आल्यावर सांगू, इथे डॉक्टर हाताशी आहेत. आईच्या हृदयात स्टेंट आहे. माझा नवरा नेहमीप्रमाणे सरळ बोलला, "सांगितलंस तर विमानात बसायच्या नाहीत, आणि बसल्या तर उतरायच्या नाहीत." त्याचा राग आला, पण खोटं बोलला असं म्हणवेना.

तर आम्ही खोटं ठरवलं. भावाचं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे, छोटंसंच, पण वहिनी एकटी, पोरं लहान, तर जाऊन येऊ. व्हिसा दोघींचाही होताच. मी उत्तरं पाठ करून मुलुंडला आईकडे गेले. बोलू का म्हणाली तर नळी घातलीय, बोलता येत नाही. फोटो मागितला तर हॉस्पिटलात मोबाइल चालत नाही. इतक्या लांबून आपणच कशाला म्हणाली तर त्याचंही उत्तर तयार होतं.

आईने एकही प्रश्न विचारला नाही. "बरं," म्हणाली आणि कपाटातून बॅग काढायला सांगितली. भाजी निवडताना माझ्या ऑफिसातल्या शिपायाच्या मुलीच्या लग्नाची चौकशी करणारी ही बाई, मुलाच्या ऑपरेशनबद्दल एक अक्षर बोलेना. माझी पाठ केलेली उत्तरं तशीच राहिली. मी स्वतःची समजूत काढली की म्हातारपणी माणूस जरा बधिर होतं.

किल्ली आणि देव शेजारच्या काकूंकडे ठेवायचे होते, म्हणून त्यांना तेवढं खरं सांगणं भाग होतं. काकूंच्या पोटात काही राहत नाही हे सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे. मी त्यांना गळ्याची शपथ घ्यायला लावली. त्यांनी ती पाळलीही. दुपारी नुसता डबा घेऊन आल्या, म्हणाल्या, "आज तुम्ही स्वयंपाकात पडू नका," आणि नजरेला नजर न देता निघून गेल्या. डब्यात गरम पिठलं-भात होता. दोन दिवस माझ्या पोटात धड काही नव्हतं, मी उभ्या उभ्या चार घास खाल्ले. आई डब्याकडे बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "मला भूक नाही," आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. मला वाटलं पडली असेल. ती बॅग भरत होती.

आयत्या वेळी मिळालेलं तिकीट, त्यामुळे दोहाला एक मुक्काम होता. सकाळी मुंबईहून निघायचं, दुपारी दोहा, तिथे एअरलाइनच्या हॉटेलात राहायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुढचं मोठं विमान. मला हा मुक्काम शिक्षेसारखा वाटत होता. आणखी एक दिवस तोंड बंद ठेवायचं, आणखी एक दिवस हसायचं.

दोहाला उतरल्यावर आईने प्रवासातला पहिला प्रश्न विचारला. "बॅग कुठाय?"

"ती थेट तिकडे जाते गं. मध्ये मिळत नाही."

"आत्ता कुठे असेल?"

"असेल इथेच कुठेतरी, विमानतळावर."

हॉटेलात शिरताना पुन्हा तेच. बॅग हरवत तर नाही ना, चिठ्ठी नीट लावली होती ना. मी शेवटी ओरडले, "आहे काय त्या बॅगेत एवढं? दोन साड्या!"

हॉटेलच्या काउंटरवर शहर फिरवणाऱ्या बसची माहिती होती, फुकट. मी म्हटलं, तू पड, पाय सुजलेत. तर म्हणाली, "बघू या की शहर. घाई काय आहे?"

नाटकाला तिसऱ्या घंटेच्या तासभर आधी जाऊन बसणारी माझी आई, मुलगा हॉस्पिटलात असताना म्हणते घाई काय आहे. क्षणभर वाटलं हिच्या डोक्यावर परिणाम होतोय. रागही आला, खरं सांगते. मी हिच्यासाठी दातांवर दात दाबून बसलेय आणि ही शहर बघणार.

बसमध्ये आम्ही दोघी पुढेच बसलो. बाहेर समुद्राच्या कडेने सरळ रस्ता, उंच काचेच्या इमारती, आणि रस्त्यावर माणूस नाही. उन्हामुळे कोणी बाहेर पडत नाही म्हणे. एवढं मोठं शहर आणि चालणारं कोणी नाही, हे मुंबईच्या माणसाला बघवत नाही. माझा फोन सारखा थरथरत होता. आईच्या फोनचं रोमिंग मी मुद्दामच सुरू केलं नव्हतं, त्यामुळे सगळे मलाच विचारत होते. सांगितलंस का? कशा आहेत? गोळी जवळ ठेव. मी फोन पालथा करून मांडीवर ठेवायची. आई प्रत्येक वेळी एकदा फोनकडे बघायची आणि पुन्हा खिडकीबाहेर.

जुन्या बाजारात बस थांबली. मसाल्यांची पोती, अत्तरं, पिंजऱ्यातले पोपट. आई कशापाशीच थांबली नाही. फक्त एका तांब्यापितळेच्या दुकानापुढे उभी राहिली आणि एक छोटं तांब्याचं भांडं उचलून तळहातावर धरलं. मी म्हटलं, "अगं, घरी आहे ना तुझा गडू. आणखी कशाला?"

आमच्या देव्हाऱ्यात गंगेचा गडू आहे. बाबा असताना दोघं काशीला गेले होते तेव्हा आणलेला, तोंड डाख देऊन बंद केलेला. असे गडू पुष्कळ घरांत असतात, माणूस जायला लागलं की फोडून त्यातलं पाणी तोंडात घालतात. बाबांच्या वेळी धावपळीत तो राहूनच गेला. तेव्हापासून आई दर दिवाळीला तो घासूनपुसून लख्ख करायची आणि भावाला व्हिडिओवर दाखवायची. "हा माझ्यासाठी राखून ठेवलाय. तुझ्याच हातचं पाणी पाहिजे हो मला, तिकिटाचे पैसे बाजूला टाकून ठेव." तो तिकडून म्हणायचा, "आई, तू आधी तारीख सांग, मी सुट्टी टाकतो." मग दोघं हसायची. मला हे असलं अजिबात आवडायचं नाही.

आईने ते भांडं जागेवर ठेवलं. "चल," म्हणाली.

तिथेच जवळ एका केरळी माणसाचं हॉटेल होतं. आईने माझ्यासाठी डाळ-भात मागवला आणि मी पूर्ण संपवेपर्यंत समोर बसून राहिली. स्वतः नुसता कडक चहा प्यायली. तिने खावं म्हणून मी मागे लागले, आई, गोळ्या घ्यायच्यात, दोन घास तरी. तिने दोन घास खाल्ले. मला मनातून हायसं वाटलं. म्हटलं, हिला काही कळलेलं नाही.

सकाळी मोठ्या विमानात आम्हाला मागची जागा मिळाली, संडासाच्या अलीकडची. खिडकीशी एक पोरगा कानात यंत्रं घालून बसल्या बसल्या झोपला, मध्ये आई, कडेला मी. बाहेर लख्ख ऊन असताना हवाईसुंदऱ्यांनी सगळ्या खिडक्यांच्या झडपा खाली करायला लावल्या आणि दिवसाढवळ्या सगळीकडे काळोख केला. समोरच्या छोट्या पडद्यावर नकाशा होता. त्यावर आमचं विमान मुंगीच्या चालीने सरकत होतं आणि खाली उरलेला वेळ येत होता. लोक तो कमी व्हावा म्हणून बघतात. मला तो तसाच थांबून राहायला हवा होता. तो संपला की दार उघडणार, बाहेर वहिनी उभी असणार पांढऱ्या चेहऱ्याने, आणि आई मला विचारणार, तू माझ्या शेजारी बसून आलीस आणि बोलली नाहीस? पर्समधली गोळी मी सारखी चाचपून बघत होते. इथे हिला काही झालं तर खाली नुसतं पाणी आहे, उतरायचं कुठे?

जेवणाचे ट्रे आले. आईने आपला भात, आपली डाळ, दही, सगळं माझ्या ट्रेमध्ये सरकवलं. "खा."

"तू?"

"खा गं आधी."

मी खाल्लं. मागचा माणूस गुडघे खुपसत होता, कोपर हलवायला जागा नव्हती, आणि मी सत्तरी ओलांडलेल्या आईच्या नजरेखाली लहान मुलीसारखी जेवत होते. ट्रे उचलून नेले.

"झालं तुझं?"

"हो."

"पाणी पी."

मी पाणी प्यायले.

"आता सांग," आई म्हणाली. "कसा गेला?"

मी पडद्यावरच्या विमानाकडे बघत राहिले. जे तोंडातून निघालं त्याची मला अजून लाज वाटते. मी म्हटलं, "कोण?"

"पुरे आता, बाय."

"झोपेत," मी म्हणाले. "वहिनी म्हणते काही त्रास झाला नाही."

"पोरांनी बघितलं?"

"नाही. शाळेत गेली होती."

तिने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली.

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. तुझा चेहरा बघूनच शंका आली होती, शेजारीण पिठलं-भात घेऊन आली तेव्हा कळलं. प्रवासाला निघालेल्या माणसाच्या हातावर दही घालतात गं. पिठलं-भात कुठल्या घरी नेतात? जिथे माणूस गेलं म्हणून चूल पेटत नाही, तिथे. तिला बिचारीला कळलंही नसेल आपले हात काय करतायत."

"मग बोलली का नाहीस आई? एवढे दोन दिवस?"

"बोलले असते तर नेलं असतंस मला? तुझा नवरा म्हणाला असता नको, डॉक्टर म्हणाला असता नको. घरी बसवून मोबाइलवर दाखवलं असतंत. मला त्याला मोबाइलवर जळताना नाही बघायचं." तिचा आवाज तेवढा एकदाच चढला. खिडकीतला पोरगा हलला आणि पुन्हा झोपला. "म्हटलं, विमान सुटू दे. आता मला कोण उतरवणार?"

मला तेव्हा हंबरडा फोडायचा होता. पण त्या जागेत रडायलाही जागा नसते. आईने ती पातळ निळी चादर उलगडली आणि दोघींच्या डोक्यावरून घेतली. आत तिच्या खोबरेल तेलाचा वास होता. मी तिच्या खांद्यात तोंड खुपसून रडले आणि ती माझ्या पाठीवर हात फिरवत राहिली. ती रडली नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली. मी विचारलं, गोळी देऊ का? ती म्हणाली, "तूच घे."

मग चादरीतच, अगदी माझ्या कानाशी, तिने विचारलं, "बॅग नीट येईल ना गं?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. "आई, तू गडू घेतलायस."

"दुसरं काय नेऊ? आता पिठं नेऊन कोणाला खायला घालू?" म्हणाली. "तो यायचा होता माझ्याकडे. त्याचं पाणी माझ्याकडे राहिलं."

उतरल्यावर आम्ही पट्ट्यापाशी उभ्या राहिलो. माणसं आपापल्या बॅगा उचलून जात होती, गर्दी विरळ झाली, आमची येईना. पट्टा रिकामाच फिरायला लागला तशी आईने माझं मनगट घट्ट धरलं. मी मनात म्हटलं, एवढं तरी येऊ दे. एवढं एक तरी.

पडद्याच्या झालरी हलल्या आणि तिची जुनी तपकिरी बॅग बाहेर आली. मी उचलायला वाकले तर आईने माझा हात बाजूला केला. दोन्ही हातांनी बॅग खाली घेतली, क्षणभर पोटाशी धरली आणि चालायला लागली.

"दे ना माझ्याकडे," मी मागून म्हटलं.

"राहू दे," ती म्हणाली. "हलकी आहे."