गोपीनाथचा डावा हात

अठराशे नव्वदच्या सुमारास कल्याण स्टेशनच्या तारघरात गोपीनाथ तारबाबू होता. कोलशेतच्या मिठागरातल्या आगऱ्याचा पोर. पण तारेवर जात कळत नाही, हात कळतो. प्रत्येकाची कट्ट-कडकट्ट वेगळी. दुपारी लाइन मोकळी झाली की ठाण्याच्या तारबाबू प्रभाकरशी त्याची शर्यत लागे. दोघं आळीपाळीनं एकमेकांना भरभर शब्द धाडत. ऐकणारा ‘पुन्हा सांग’ म्हणाला की हरला. मधली स्टेशनं कान लावून ऐकत. गोपीनाथ कधी हरला नव्हता.

मग त्याचा उजवा अंगठा आखडला. शर्यत सोडली तर हात गेला म्हणतील, म्हणून घरी पाटावर डाव्या हातानं ठोकून ठोकून सराव केला आणि तो पुन्हा बसला.

चार शब्द गेले नाहीत तोच ठाण्याहून आलं, “हा कोण नवशिका? गोपीनाथला बसवा, मग खेळू.”

सगळ्या लाइननं ऐकलं. गोपीनाथचं डोकं फिरलं. इंग्रजी अक्षरांत त्यानं अशी अस्सल आगरी शिवी हाणली की एक टिंब चुकलं नाही. वर जोडलं, “मीच हाय! हात डावा हाय, तुजं कान बहिरं!”

मग ठाणं म्हणालं, “शिवी तुझीच रे. चल, दे पुढचं.”

गोपीनाथनं उजवा हात मांडीखाली दाबला आणि सुरू केलं.