अक्काच्या हातातला माईक

आत्ताच पारोळ्याहून चुलतभावाच्या मुलीचं लग्न आटोपून घरी आले. डोकं अजून तापलंय, म्हणून लिहिते.

मांडवात डीजेवाल्याने एका क्युबन-अमेरिकन रॅपरचं गाणं लावलं. आधी माईकवर त्याचं चरित्रही सांगितलं. आईवडील क्युबा सोडून अमेरिकेत आले, पोरगा गरीब वस्तीत वाढला, आणि घरची स्पॅनिश इंग्रजीत मिसळून, समोरच्याची टर उडवत मोठा झाला. टाळ्या पडल्या. गाण्यात आईबहिणीवरून शिव्या होत्या, हे मी घरी येऊन मोबाईलवर अर्थ शोधला तेव्हा कळलं. त्यावर मुलीचा बाप, आमचा हा भाऊसुद्धा नाचला.

मग पंगत बसली आणि आमच्या आत्याने, म्हणजे अक्काने, माईक घेतला. व्याह्यांना टोमणे मारणारं गाणं म्हणायचा मान तिचाच. "याही उना, बठ्ठा मांडा खाई ग्या," व्याही आले, सगळे मांडे खाऊन गेले, एवढंच म्हणाली, तोच भावाने पुण्याच्या पाहुण्यांकडे बघत माईक काढून घेतला. "बस कर अक्का. पुनाना पाव्हना शेतस, काय म्हनतीन?"

नव्वदच्या सुमारास माझ्या लग्नात याच अक्काने माझ्या सासऱ्यांच्या पोटाला नगारा म्हटलं होतं. ते पोट धरून हसले आणि तिला आणखी एक म्हणायला लावलं. तेव्हा असं गाणं झालं नाही तर वऱ्हाड रुसायचं.

परतताना गाडीत अक्का माझ्या शेजारी बसली होती. म्हणाली, "त्या परदेशी पोऱ्यानं गानं कोनले समजनं का?"

"कोनलेच नही," मी म्हटलं.

"म्हनीसन चालनं." म्हणूनच चाललं.

तुमच्या घरच्या लग्नात अजून कोणी अक्का गाते का? की तिच्याही हातातला माईक तुम्ही काढून घेतलात?